तो सांगणार नाही, म्हणून तू लिहून ठेव

पुणे, जुलै

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. सोबतचे एक्स-रे आणि बायॉप्सीचा रिपोर्टही नीट पाहिला. निदानाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तुझ्या लॅब्राडोरच्या, खंड्याच्या, उजव्या पुढच्या पायात, मनगटाच्या थोडं वर, हाडाचा कर्करोग आहे. त्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. लॅब्राडोर, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा अंगानं मोठ्या जातींना तो अधिक होतो. पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास, ही त्याची नेहमीची ठिकाणं. खाऊपिऊ घालण्यात किंवा निगा राखण्यात तू कुठे कमी पडलीस म्हणून हे झालेलं नाही. तो विचार आधी डोक्यातून काढून टाक, कारण पुढच्या काही महिन्यांत तुझं डोकं दुसऱ्या कामासाठी लागणार आहे. ते काम कोणतं, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

तू लिहितेस, ‘सासूबाई म्हणतात, कुत्रा विव्हळत नाही, शेपूट हलवतो, वाडग्यातलं सगळं संपवतो, मग दुखत कसं असेल?’ आणि शेवटी तूच विचारतेस, ‘मावशी, त्याला दुखतंय हे मला कळणार कसं?’ तुझ्या सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत मोलाचा वाटला. हा कर्करोग बरा करणं बहुधा कोणाच्याच हातात नाही. दुखणं कमी करणं मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे, आणि त्यातलं निम्मं काम डॉक्टरांचं असलं तरी निम्मं तुझं आहे. डॉक्टर खंड्याला पंधरवड्यातून पाव तास पाहणार. बाकी सगळा वेळ तो तुझ्या डोळ्यांसमोर असणार. तो सांगणार नाही. तू पाहायचं, लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. औषध कितीही चांगलं असलं तरी कोणतं, किती आणि केव्हा द्यायचं हे त्या नोंदींवरच ठरतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांना एवढं समजावून सांग की केकाटणं हे अचानक झालेल्या दुखण्याचं लक्षण आहे. शेपटीवर पाय पडला, काटा रुतला, की कुत्रा ओरडतो. आठवडेच्या आठवडे मुरलेल्या दुखण्यात तो ओरडत नाही, गप्प होत जातो. शेपूट हलते, कारण तू घरी आलीस याचा त्याला आनंद होतो. आनंद आणि वेदना एकाच जीवात एकाच वेळी नांदू शकतात. आणि लॅब्राडोरच्या भुकेवर तर मुळीच विसंबू नये. हाड पोखरलेलं असतानाही ही जात वाडगं चाटूनपुसून साफ करते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आयएएसपी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा हे मुद्दाम नोंदवलं की बोलून सांगता येत नाही एवढ्यावरून माणसाला किंवा प्राण्याला वेदना नाहीत असं ठरत नाही. तेव्हा खंड्याला दुखतंय, हे आपण धरूनच चालायचं. प्रश्न फक्त किती दुखतंय आणि औषधानं किती कमी होतंय, एवढाच.

आता हे दुखणं येतं कुठून, ते थोडक्यात सांगते, म्हणजे औषधांचा मेळ तुला कळेल. आपल्या हाडांत जुनं हाड विरघळवणाऱ्या आणि नवं घडवणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करत असतात. हा कर्करोग विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतो. त्या आम्ल सोडतात आणि ते हाडातल्या नसांच्या टोकांना झोंबू लागतं. गाठ वाढते तसं हाडावरचं पातळ आवरण ताणलं जातं. त्या आवरणात नसांचं दाट जाळं असतं. आणि पोखरलेल्या हाडावर भार पडला की त्याला बारीक तडे जातात. हे सगळं पायात घडत असताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर वेदनेचे संदेश रात्रंदिवस आदळत राहतात, आणि कालांतरानं तो स्वतःच हळवा होतो. भाजलेल्या हाताला कोमट पाणीही सोसवत नाही, तसं मग नुसत्या स्पर्शानंही दुखायला लागतं. इथवर मामला गेला की साधी गोळी पुरत नाही. म्हणून ‘फार दुखायला लागलं की देऊ’ हे धोरण कर्करोगाच्या दुखण्यात चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली माणसांच्या कर्करोगासाठी जी पद्धत घालून दिली, तिच्यातलं एक सूत्र कुत्र्यांनाही जसंच्या तसं लागू आहे: औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, कण्हण्याची वाट पाहायची नाही.

आता पाहायचं काय, ते सांगते.

पहिल्यांदा त्याचं उठणं पाहा. झोपेतून उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो की मागच्यांवर जोर देऊन कसाबसा उभा राहतो? उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडतात? उभा असताना उजवा पाय जमिनीला पूर्ण टेकतो की बोटांपुरता? मग त्याची झोप पाहा. दुखणारा कुत्रा रात्री कूस बदलत राहतो, उठतो, दोन पावलं टाकतो, पुन्हा बसतो. हवा गार असताना आणि कुठे धावलेला नसतानाही तोंड उघडं टाकून धापा टाकतो. गाठीवर किंवा तिच्या जवळपास सारखं चाटत राहतो. चेहरा पाहा: कान मागे पडलेले, कपाळ ओढलेलं, नजर एका जागी लागलेली, मान खाली. खांद्याचा स्नायू हातानं चाचपून पाहा. दुखरा पाय वापरात नसला की तो काही आठवड्यांत वाळतो, आणि डाव्या-उजव्या खांद्यातला फरक हाताला लगेच कळतो.

स्वभावातले बदल सगळ्यात लवकर येतात आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतात. कुरवाळायला गेलं की सरकून बसणं, पोराच्या खोलीत जाणं बंद होणं, बेल वाजली तरी जागेवरून मान वर करून पाहणं, कधी न गुरगुरणाऱ्यानं गुरगुरणं. लोक म्हणतात, ‘वय झालं आता त्याचं.’ नऊ वर्षांचा लॅब्राडोर म्हातारपणाकडे झुकलेला असतो, हे खरं. पण वय हळूहळू येतं. दोन-तीन आठवड्यांत एवढा बदल झाला तर तो वयाचा नसतो.

या सगळ्याला आकडे द्यायचे. ‘आज जरा बरा होता’ या वाक्यानं डॉक्टरांना काही करता येत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉरोथी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या घरच्या माणसानं भरायची एक प्रश्नावली तयार केली. ती सांधेदुखीच्या कुत्र्यांवर आणि हाडाचा कर्करोग असलेल्या कुत्र्यांवरही पडताळून पाहिलेली आहे. तिच्यात चार प्रश्न दुखण्याच्या तीव्रतेचे आहेत: गेल्या सात दिवसांत सर्वांत जास्त किती दुखलं, सर्वांत कमी किती, सरासरी किती आणि या क्षणी किती. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. सहा प्रश्न दुखण्यामुळे काय काय अडतं याचे: एकूण हालचाल, जगण्यातला आनंद, आडवं पडलेलं असताना उठून उभं राहणं, चालणं, पळणं, पायऱ्या चढणं. त्यांनाही शून्य ते दहा. शेवटचा, अकरावा प्रश्न एकूण जगणं कसं चाललंय याचा. डॉक्टरांकडून ही प्रश्नावली मागून घे. दर रविवारी संध्याकाळी तू आणि जावईबापू, दोघांनी ती वेगवेगळी भरा आणि मग पडताळून पाहा. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं.

रोजच्या नोंदीसाठी एक साधी वही कर. खंड्याला खंड्या करणाऱ्या पाच गोष्टी पहिल्या पानावर लिही. त्या कोणत्या हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. सकाळी फाटकापर्यंत पळत जाणं, पोराच्या दप्तरात तोंड घालणं, दुधाची पिशवी आली की भुंकणं, अशा. रोज रात्री त्यातल्या किती आज झाल्या, तेवढाच आकडा लिहायचा. त्याखाली भूक, झोप, औषधाच्या वेळा आणि उलटी-जुलाब. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम आहे. तीन-चार आठवड्यांनी ही वही जे सांगेल ते कुठलाही एक्स-रे सांगणार नाही.

आणि मोबाइलवर चित्रण कर. दवाखान्यात गेल्यावर अनोळखी वासानं आणि भीतीनं कुत्र्याच्या अंगात एवढी तरतरी येते की घरी लंगडणारा तिथे सरळ चालून दाखवतो. म्हणून घरचं उठणं, चालणं, पायरी चढणं, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचं, आठवड्यातून एकदा टिपून ठेव. दुखतंय की नाही असा संशय असेल तेव्हा आम्ही पशुवैद्य एक सोपी परीक्षा घेतो. वेदनाशामक चार-पाच दिवस नेमानं देतो आणि आधीचं-नंतरचं चित्रण शेजारी ठेवून पाहतो. कुत्रा बदललेला दिसला तर त्याला दुखत होतं.

आता औषधं. तुझ्या डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम सुरू केलं आहे, ते योग्यच आहे. ते सूज आणि दुखणं दोन्ही कमी करतं आणि या आजारात बहुतेक वेळा औषधांचा पायाच ते असतं. पण त्याचं माप नीट समजून घे. नेहमीची मात्रा दिवसातून एकदा, वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. खंड्या बत्तीस किलोचा आहे, म्हणजे त्याला दिवसाला साधारण ३ मिलिग्रॅम. माणसांची मेलॉक्सिकॅमची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. सासऱ्यांच्या गुडघेदुखीच्या पाकिटातली एक गोळी खंड्याला दिली तर काय होईल, ते यावरून ताड. औषध नेहमी जेवणासोबत दे. सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी झाली असेलच. दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा करायला सांग. उलटी, डांबरासारखी काळी शी, अन्नावरची वासना उडणं किंवा एकाएकी खूप पाणी पिणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढची मात्रा थांबव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

एक गोष्ट फ्रिजच्या दारावर लिहून लाव, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर राहील: कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली माणसांची वेदनाशामकं खंड्याला द्यायची नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ती मिसळलेल्या गोळ्या कुत्र्यांच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. पॅरासिटॅमॉल कधी कधी पशुवैद्य मोजून देतात, पण आपल्या अंदाजानं नाही. मेलॉक्सिकॅम चालू असताना स्टेरॉइडही द्यायचं नाही. दोन्ही एकत्र आली तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. एका डॉक्टरांनी एक दिलं आणि दुसऱ्यांनी न कळून दुसरं, असं घडतं. म्हणून दवाखान्यात जाताना चालू औषधांची यादी वहीत लिहून ने.

मेलॉक्सिकॅम एकटं फार काळ पुरणार नाही. पुढच्या पायऱ्या आधीच माहीत असाव्यात. गॅबापेंटिन नसांच्या दुखण्यावर चांगलं. ते दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं, सुरुवातीचे काही दिवस कुत्रा पेंगतो, पाय थोडे लटपटतात, मग सवय होते. ते एकदम बंद करायचं नसतं. आणि त्याचं पातळ औषध घेताना बाटलीवरची घटकांची यादी वाच. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याला विषारी आहे. अमॅन्टाडीन हे मज्जारज्जूचा हळवेपणा उतरवण्याच्या कामी येतं, आणि ते मेलॉक्सिकॅमच्या जोडीनं द्यायचं औषध आहे. त्याचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नकोस.

कोणी ट्रामाडॉल लिहून दिलं तर त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. माणसाच्या शरीरात त्यापासून जो प्रभावी घटक तयार होतो, तो कुत्र्याच्या शरीरात फारच थोडा तयार होतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेदुखीच्या कुत्र्यांना तोंडानं दिलेल्या ट्रामाडॉलचा उपयोग औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही. मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारखी जोरकस औषधं आहेत, पण ती १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात आणि सगळ्याच दवाखान्यांत ती ठेवलेली नसतात. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि अगदी वाईट दिवसांत त्यांची गरज लागते, म्हणून ती कुठे मिळतील हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव.

हाडाच्या या दुखण्यासाठी आणखी एक औषध आहे, त्याबद्दल तुझ्या पत्रात काहीच नाही: पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट. वर सांगितल्या त्या हाड विरघळवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. माणसांची हाडं ठिसूळ झाली की झोलेड्रोनेटचंच सलाइन देतात. कुत्र्यांना ते साधारण महिन्याच्या अंतरानं शिरेतून देतात. दुखणं कमी करण्यापुरते किरणोपचार परदेशांत बऱ्याच ठिकाणी दिले जातात आणि बहुतेक कुत्र्यांना काही आठवडे ते काही महिने त्यांचा चांगला आराम मिळतो. आपल्याकडे प्राण्यांसाठी ती सोय अगदी मोजक्या ठिकाणी आहे. विचारून पाहायला मात्र हरकत नाही.

आता ज्या गोष्टीचं तुला सगळ्यात भय वाटतंय, त्याकडे येते: पाय काढणं.

ताई, हे मी अनेक घरांना समजावलं आहे आणि तुलाही तितक्याच स्पष्टपणे सांगते. या आजारात दुखण्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे. दुखण्याचं मूळच शरीराबाहेर जातं. खंड्या आत्ताच तीन पायांवर चालतो आहे. चौथा पाय त्याला आधार देत नाही, नुसतं दुखणं देतो आहे. आरशात पाहून उसासा टाकणं कुत्र्याला माहीत नाही. बहुतेक कुत्रे शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांत चालू लागतात आणि काही आठवड्यांत पळूही लागतात. तुटलेल्या नसांचं दुखणं काही काळ राहू शकतं, त्यासाठी औषध आधीपासून चालू ठेवतात. मात्र खंड्याच्या बाकीच्या तीन पायांचे सांधे कसे आहेत, कंबरेचं हाड कसं आहे, वजन किती, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. दुसरं मत हवं असेल तर तुमच्या नाशिकहून मुंबई फार लांब नाही. परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि लोक ज्याला ‘बैलघोडा’ म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच आहे.

आयुष्य किती वाढेल, तेही खरं सांगते. छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसत असला तरी निदान होतं तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ कुत्र्यांत या आजाराचे न दिसणारे कण फुप्फुसांपर्यंत पोचलेले असतात. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे साधारण चार-पाच महिने काढतात, सोबत केमो दिली तर दहा-बारा महिने. पाय काढण्यानं आयुष्य थोडं वाढतं, दुखणं पुष्कळ जातं. केमो आयुष्य वाढवते. दोन्ही करायचं, एकच करायचं की काहीच करायचं नाही, हे तुमच्या ऐपतीवर आणि खंड्याच्या तब्येतीवर आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेलॉक्सिकॅम आणि गॅबापेंटिन यांचा खर्च केमोच्या मानानं फार थोडा आहे. केमो परवडत नाही म्हणजे कुत्र्याला वाऱ्यावर सोडलं असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. दुखण्यावर चोख उपचार करणं हाही पूर्ण उपचारच आहे.

पाय ठेवायचा ठरला तर एक धोका कायम डोक्यात ठेव. पोखरलेलं हाड साध्या उडीनंही मोडू शकतं. सोफ्यावरून उडी, जिन्यावरून धाव, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सगळं बंद. तो एकाएकी ओरडला आणि पाय लोंबकळू लागला तर पायाला काही बांधत बसू नकोस. जाड चादरीत उचलून थेट दवाखाना गाठ. अशा वेळी जिवापाड माया करणारा कुत्राही चावतो, म्हणून पोराला दूर ठेव आणि खंड्याच्या तोंडाला मऊ पट्टी सैलसर बांध. रात्री-अपरात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून नंबर वहीत लिहून ठेव.

घरातले बदल स्वस्त आहेत आणि त्यांनी फार फरक पडतो. तुमच्या हॉलची फरशी गुळगुळीत आहे, पावसात ती आणखी निसरडी होते. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी तळाच्या मॅट नाहीतर जुन्या सतरंज्या अंथर आणि कडा चिकटपट्टीनं बसव. झोपायला जाड गादी दे, हाडाला जमीन टोचता कामा नये. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं छातीच्या उंचीवर ठेव. बाहेर नेताना पोटाखालून पट्टा किंवा जुना टॉवेल घालून भार तू घे. फिरणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. वजन वाढू देऊ नकोस. गाठीवर मालिश नाही, शेक नाही, लेप नाही. गाठीवरची कातडी फुटली तर या दिवसांत माशा बसून किडे पडायला वेळ लागत नाही. जखम रोज पाहा आणि उघडी पडली तर लगेच दाखव. आणि तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो, ते मोजत जा. निरोगी कुत्र्यात हा आकडा तिसाच्या आत असतो. तो दिवसेंदिवस वर जाऊ लागला तर आजार फुप्फुसांत पोचला असण्याची शक्यता असते, किंवा दुखणं औषधाला जुमानत नाही.

तुझा शेवटचा प्रश्न तू कंसात लिहिलास: ‘निरोप देण्याची वेळ कशी कळते?’ त्याचंही उत्तर वहीतच आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी त्यासाठी सात कसोट्या दिल्या आहेत. दुखणं आटोक्यात आहे का, खातो का, पुरेसं पाणी पोटात जातं का, अंग स्वच्छ राहतं का, आनंदी दिसतो का, हालचाल करतो का आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहांपैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर राहते तोवर बरं चाललं आहे असं समजायचं. पण पहिल्या कसोटीला मी बाकीच्या सहांपेक्षा जास्त मानते. मनापासून उपचार करूनही दुखणं आटोक्यात येत नसेल, तर इतर सहांत भरपूर गुण असले तरी थांबायची वेळ आली आहे.

सासूबाई याला पाप म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, वही दाखव. सलग दहा दिवस पाचांतली एकही गोष्ट झालेली नाही, रात्र रात्र तो धापा टाकत उभा आहे, औषधं वाढवूनही आकडा खाली येत नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे. ज्यांनी त्याला हातानं भरवलं आहे, त्यांना ते वाचून वेगळं काही सांगावं लागत नाही. ही क्रिया कशी होते, तेही आधी माहीत असू दे. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपतो, मग शिरेतून भुलीच्या औषधाची फार मोठी मात्रा देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. त्याला दुखत नाही. डोळे उघडे राहतात, त्यानं घाबरू नकोस. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. पोराला ‘पळून गेला’ असं सांगू नका. खरं सांगा आणि त्याला हवं असेल तर निरोप घेऊ द्या.

हे पत्र तू रडत वाचशील, हे मला माहीत आहे. वाचून झालं की तोंड धू आणि या आठवड्याची कामं उरक. वही आज. चित्रण उद्या सकाळी, तो झोपेतून उठताना. मॅट शनिवारपर्यंत. सोमवारी डॉक्टरांना चार गोष्टी विचार: गॅबापेंटिन कधी सुरू करायचं, झोलेड्रोनेट देता येईल का, पाय काढायचा तर बाकीच्या सांध्यांचे एक्स-रे कधी, आणि औषध पुरेनासं झालं तर रात्री काय द्यायचं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घे. पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी मला पाठव, मी त्यांबद्दल तुझ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेईन. खंड्यानं नऊ वर्षं तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता त्याची गरज न मागता ओळखायची पाळी तुझी आहे, आणि ते तुला जमेल. जिला हा प्रश्न विचारावासा वाटला, तिच्या नजरेतून त्याचं दुखणं सुटणार नाही.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आणि पोराला आशीर्वाद. खंड्याच्या मानेवरून माझा हात फिरव.

तुझी,
मावशी